बसऱ्याचें पान

भाद्रपद वद्य अमावास्येस आमच्या घरीं एक पान अधिक वाढलें जात असे. पितरांचीं पानें झालीं, गोग्रास व काकबळि झाला, म्हणजे आमची आजी उंबरठ्याच्या आंत केळीच्या पानाचा एक लहानसा तुकडा मांडी आणि त्यावर भात, वरण, खीर यांजबरोबर मोड आलेल्या मटकीची थोडी उसळ वाढी. या पानास घरांत ‘बसऱ्याचें पान’ म्हणत. बसरा हें कोणा दूरच्या आप्ताचें नांव असावें, अशी आम्हां मुलांची समजूत होती. पुढें मी पाठशाळेंत जाऊं लागलों, चार सूत्रें पाठ झालीं, तेव्हां श्राद्धाच्या स्वयंपाकांत उसळ कोणत्या शास्त्रानें येते, असा प्रश्न मीं मोठ्या ऐटीनें आजीस केला. ती म्हणाली, “शास्त्र तूं शीक. हें पान त्यांनीं सांगितलेलें आहे.” त्यांनीं म्हणजे आजोबांनीं. आजोबा १९६१ सालीं वारले. त्या वेळीं मी तीन वर्षांचा होतों. त्यांची माझी स्वतःची अशी आठवण म्हटली तर हिंगाच्या वासाची, एवढीच.

आजोबांची जी कथा घरांत चालत आली होती ती अशी : ते पहिल्या महायुद्धांत मराठा पलटणींत सुभेदार होते, कूतच्या वेढ्यांत सांपडले, तुर्कांच्या हातून निसटून परत आले आणि सरकारनें त्यांस रुप्याचें पदक दिलें. परत आल्यावर त्यांनीं चिंचपोकळीस गिरणगांवांतल्या लोकांसाठीं खाणावळ काढली. सुभेदारानें खाणावळ कां काढावी, हें आमच्यापैकीं कोणी कधीं विचारलें नाहीं. घरांत शूर पुरुष असला म्हणजे प्रश्न विचारण्याची संवय आपोआप मोडते.

पदक मात्र खरोखरच होतें. आजीच्या देवघरांत बाळकृष्णाच्या शेजारीं तें बसलेलें असे. त्यावर घोड्यावरचा एक उघडा स्वार, हातांत आखूड तरवार, घोड्याच्या टापांखालीं ढाल व कवटी, असें चित्र होतें. आजीनें तो खंडोबा ठरविला होता. आमचें कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. खंडोबाचा आमच्या कुळाशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु खंडोबा घरांत आला तो राहिला. दर एकादशीस देवांचीं उपकरणीं चिंचेनें घांसतांना त्यालाही चिंचेचें स्नान घडे. चिंचपोकळी हें नांवच चिंचेच्या झाडांवरून पडलें असें मुंबईचा इतिहास लिहिणारे सांगतात. आमच्या लहानपणीं तेथें झाडांपेक्षां गिरण्यांचीं धुराडींच अधिक होतीं, परंतु वाण्याकडील चिंचेस तोटा नव्हता, आणि आजीचा हातही सढळ होता. तिच्यामागून हें काम माझ्या आईकडे व तिच्यामागून आमच्या सौभाग्यवतीकडे आलें.

२०१८ सालीं आमची चाळ पाडून तेथें उंच इमारत बांधावयाचें ठरलें आणि बिऱ्हाड हलवितांना देवघर प्रथम बांधावयास घेतलें. पदक कापसांत गुंडाळतांना सौ. म्हणाली, “एक विचारूं कां? गेलीं तीस वर्षें मी हें चिंचेनें घांसतें आहें. रुप्याला कोणी चिंच लावतें काय? आणि घांसल्यावर रुपें कधीं तांबूस दिसतें काय?” चाळीस वर्षें मुलांस व्याकरण शिकविण्यांत गेलीं, पण हा साधा तर्क मला सुचला नव्हता. लालबागच्या एका सराफानें भिंग लावून क्षणांत सांगितलें कीं, हें कांसें आहे.

येथून माझ्या शोधास आरंभ झाला.

१९१९ सालीं ब्रिटिश सरकारनें त्या युद्धाप्रीत्यर्थ जें पदक काढलें तें दोन धातूंचें होतें. शिपायांस, अधिकाऱ्यांस, खलाशांस रुप्याचें. अशीं सुमारें ६५ लक्ष पदकें वाटलीं गेलीं. दुसरें कांशाचें, तीं सुमारें १ लक्ष १० हजार. तीं लढवय्यांसाठीं नव्हतींच. मजूर, पखालजी, आचारी, भंगी, अशा सैन्याच्या मागून जाणाऱ्या चाकरमंडळींसाठीं तीं होतीं. चित्र तेंच, राजाचा मुखवटा तोच, फीतही तीच. फरक काय तो धातूचा. पदकावरील स्वार हा खंडोबा नसून सेंट जॉर्ज नांवाचा ख्रिस्ती साधुवीर आहे, हेंही तेव्हांच समजलें. सौ. नें त्याची पूजा बंद केली नाहीं. इतक्या वर्षांची ओळख, असें तिचें म्हणणें पडलें.

या पदकांच्या कांठावर पावणाऱ्याचें नांव व हुद्दा कोरलेला असे. आमच्या पदकाचा कांठ शंभर वर्षांच्या चिंचेनें जवळजवळ गुळगुळीत झालेला. नातवानें अंधाऱ्या खोलींत दिवा तिरपा धरून मोबाईलवर छायाचित्रें काढलीं व तीं मोठीं करून दाखविलीं. क्रमांकाचे अखेरचे दोन आंकडे, मग इंग्रजींत ‘कुक’ हा शब्द, आजोबांचें नांव, आणि शेवटीं ‘आय. जी. एच.’ हीं तीन अक्षरें, म्हणजे इंडियन जनरल हॉस्पिटल. आजोबा सुभेदार नव्हते, शिपाईही नव्हते. ते लष्करी इस्पितळांत आचारी होते.

माझे धाकटे बंधु त्या दिवशीं जेवले नाहींत. त्यांनीं दिवाणखान्यांत ‘सुभेदार’ अशी पाटी लावून आजोबांचें मोठें चित्र टांगलेलें आहे. त्यांचें दुःख मी समजूं शकतों, कारण मीही शाळेंत कूतचा वेढा शिकवितांना आजोबांचा उल्लेख मोठ्या अभिमानानें केलेला आहे. सहाव्या पुणें डिव्हिजनचें सैन्य १९१५ च्या डिसेंबरांत टायग्रिसच्या कांठीं कूत येथें कोंडलें गेलें. त्यांत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस वेढा चालला. घोडीं मारून खाण्याची पाळी आली. हिंदी शिपायांपैकीं अनेकांनीं धर्मभयास्तव तें मांस नाकारलें, तेव्हां हिंदुस्थानांतून धर्मगुरूंची संमति आणवावी लागली. २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३ हजार माणसें तुर्कांच्या कैदेंत गेलीं. त्यांपैकीं कित्येकांस वाळवंटांतून चालवीत रास-अल-ऐनपर्यंत नेऊन आगगाडीच्या रस्त्याच्या कामास लाविलें. तेथें कल्याणकुमार मुखर्जी नांवाचे एक तरुण बंगाली डॉक्टर १९१७ सालीं कैदेंतच वारले. त्यांच्या पत्रांवरून त्यांच्या वृद्ध आजीनें, मोक्षदादेवीनें, नातवाचें चरित्र लिहून १९२८ त प्रसिद्ध केलें. येथें एक आजी नातवास शोधीत होती. माझा प्रकार उलट. आणि मजजवळ एकही पत्र नव्हतें.

आजोबांच्या कथेंत कूत कोठून आलें असावें, याविषयीं माझा तर्क असा कीं, तें खाणावळींतून आलें. साताऱ्याकडील व रत्नागिरीकडील किती तरी शिपाई युद्ध संपल्यावर गिरण्यांत लागले. ताटावर बसून त्यांनीं सांगितलेल्या गोष्टी माझ्या वडिलांनीं लहानपणीं ऐकल्या असतील, आणि मुलाच्या मनांत त्या हळूहळू वाढणाऱ्याच्या अंगावर जाऊन बसल्या असतील. आजोबांनीं स्वतः असें कांहीं सांगितल्याचें कोणासही आठवत नाहीं. त्यांनीं खोटें सांगितलें नाहीं; नुसतें नाकारलें नाहीं.

ब्राह्मणाचा मुलगा आचारी म्हणून लष्करांत कसा गेला, याचें उत्तर त्या काळच्या इस्पितळांच्या व्यवस्थेंत आहे. हिंदु रोग्याचें अन्न हिंदूनें शिजवावें, पाणी हिंदूनें भरावें, मुसलमानांची पाकशाळा निराळी असावी, हा नियम सरकार कसोशीनें पाळी. इंग्लंडांत ब्रायटन येथील राजवाड्याचें हिंदी शिपायांसाठीं इस्पितळ केलें, तेथेंसुद्धां पाकशाळा निरनिराळ्या होत्या व पाण्याचे नळ वेगळे होते. ब्राह्मणाच्या हातचें सर्वांस चालतें. म्हणून ब्राह्मण आचारी हा कामाचा मनुष्य. त्या युद्धासाठीं हिंदुस्थानांतून १४ लक्ष ४० हजारांवर माणसें भरती झालीं. त्यांपैकीं ८ लक्ष ७७ हजार लढणारे, आणि ५ लक्ष ६३ हजार न लढणारे. या दुसऱ्या आंकड्याकडे मीं आयुष्यांत कधीं लक्ष दिलें नव्हतें.

मेसोपोटेमियांतील इस्पितळांची १९१५-१६ मधील दुर्दशा पुढें चौकशी-मंडळापुढें आली. टेसिफॉनच्या लढाईनंतरचे जखमी लोक उघड्या गाढवबोटींवर दिवसचे दिवस पडून बसऱ्यास पोंचले. १९१७ च्या जूनमध्यें अहवाल बाहेर पडला आणि हिंदुस्थानमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांस राजीनामा द्यावा लागला. परंतु मला ज्या गोष्टीनें खिळवून ठेविलें ती निराळीच होती. १९१६ च्या उत्तरार्धांत तेथील हिंदी सैन्यांत अकरा हजारांवर लोक ‘स्कर्व्ही’ या रोगानें आजारी पडले. हिरड्या सुजून रक्त येतें, जुन्या जखमा उकलतात, सांधे धरतात. कारण, ताजी भाजी व फळें पोटांत जात नाहींत. वाळवंटांत भाजी कोठली? लंडन येथील लिस्टर इन्स्टिट्यूटमध्यें हॅरिएट चिक व मार्गारेट ह्यूम या दोन विदुषी याच विषयाचे प्रयोग करीत होत्या. वाळलेल्या कडधान्यांत हा रोग निवारण्याचा गुण नाहीं, परंतु तींच भिजवून त्यांस मोड आणले म्हणजे तो गुण येतो, असें दाखवून त्यांनीं सैन्यास मोड आलेलीं कडधान्यें द्यावीं अशी शिफारस केली. १९१९ त त्यांनीं चिंच, कोकम व आमचूर यांचीही परीक्षा केली. ताज्या लिंबाच्या मानानें त्यांचा गुण थोडा ठरला.

हें वाचीत होतों तेव्हां सौ. स्वयंपाकघरांत होती. मीं तिला हांक मारून एवढेंच सांगितलें कीं, आजीच्या पानावरील उसळीचें सूत्र सांपडलें.

बसऱ्याच्या इस्पितळांत आजोबांनीं हजारों लोकांसाठीं मटकी भिजत घातली असेल. कित्येकांच्या पुढें तीं पानें तशींच राहिलीं असतील. बसऱ्यास त्या मोहिमेंतील ज्या मृतांच्या थडग्याचा ठिकाणा नाहीं त्यांचें मोठें स्मारक १९२९ सालीं उभारलें. त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. परंतु गोऱ्यांचीं नांवें कोरलीं, आणि हिंदी शिपाई व चाकर यांच्या पलटणीचें नांव घालून खालीं नुसता आंकडा लिहिला. तें स्मारक सद्दाम हुसेनच्या हुकुमानें १९९७ त मूळ जागेवरून उचलून शहराबाहेर वाळवंटांत नेऊन मांडलें आहे.

आतां कुळाची गोष्ट. आजोबांचा मूळ गांव आम्हांस ठाऊक नव्हता. ‘दापोलीकडचे’ एवढेंच ते म्हणत, आणि गांवीं कधीं गेले नाहींत. तरी त्यांच्या वडिलांचें व आजांचें नांव आमच्याजवळ होतें, कारण तर्पणांत पिता, पितामह, प्रपितामह यांचीं नांवें घ्यावींच लागतात व माझे वडील तीं घेत. कागद जळतात, वाळवी खाते. पाण्यांत सोडलेलीं नांवें मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, हा आपल्याकडील चमत्कार आहे. माझ्याच आडनांवाच्या एका सेवानिवृत्त शिक्षकमित्राकडे आमच्या घराण्याचा जुना छापील कुलवृत्तांत होता. त्यांतील दापोली तालुक्यांतील एका घराण्याच्या वंशवेलांत तीं दोन्ही नांवें क्रमानें मिळालीं. खालीं तीन पुत्र. दोघां वडील पुत्रांचा विस्तार पुढें दोन पृष्ठें चालला होता. तिसरें नांव आजोबांचें. आणि त्यापुढें छापलें होतें : ‘इ. स. १९१६ त लढाईवर गेले. पुढें पत्ता नाहीं. निर्वंश.’

तो शब्द मीं वाचला तेव्हां माझा नातू शेजारीं बसून भेळ खात होता.

नव्या आवृत्तीच्या संपादकांस मीं पत्र लिहिलें. उत्तर सौजन्याचें आलें. पण अशीं नांवें कोंकणांत घरोघर आढळतात, तेव्हां गांवचे ते गृहस्थ व चिंचपोकळीचे खाणावळवाले एकच, यास लेखी प्रमाण हवें, असें त्यांनीं कळविलें. त्यांचें म्हणणें योग्यच होतें. मीं स्वतः विद्यार्थ्यांस आधाराविना कधीं गुण दिले नाहींत.

प्रमाण मिळण्याची एकच जागा उरली होती. नाशिकास तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात; आडनांव व गांव सांगितलें म्हणजे ते नेमकी वही काढतात. उपाध्याय तरुण होते, पण मोडी सफाईनें वाचीत. आमच्या घराण्याचें पान निघालें. आधीं शके १८४० च्या माघांतील नोंद, दोघां वडील बंधूंची : तीर्थरूप मानमोडीच्या तापानें कार्तिकांत वारले, धाकटे बंधु बसऱ्यास लढाईवर वारल्याचें कळतें, उभयतांप्रीत्यर्थ गोदातीरीं श्राद्ध केलें. त्याच पानावर, खालीं, शके १८४१ भाद्रपद वद्यांतील दुसरी नोंद होती. अक्षर निराळें, टपोरें. उपाध्यायांनीं ती एकदां वाचली व मजकडे पाहून पुन्हां सावकाश वाचली.

“समुद्रगमनाच्या प्रायश्चित्तार्थ आलों. तीर्थरूप वारल्याचें या वहींत कळलें. मी हयात आहें. सांप्रत मुक्काम मुंबई, चिंचपोकळी.”

खालीं आजोबांची सही. तीच सही खाणावळीच्या हिशोबाच्या चोपड्यांवर आहे. चोपडी मीं बरोबर नेली होती.

तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, बसऱ्याहून आलेला, गांवीं जाण्यापूर्वीं शुद्ध होऊन जावें म्हणून नाशिकास उतरतो, आणि वहीच्या एकाच पानावर बापाचा मृत्यु व स्वतःचा मृत्यु वाचतो. ज्याचें और्ध्वदेहिक झालें तो जिवंत परतला तर काय करावें, हें धर्मशास्त्रांत सांगितलेलें आहे. देह न सांपडल्यास पळसाच्या ३६० देठांची प्रतिमा करून दहन करतात. आणि मनुष्य पुढें परत आलाच, तर त्यास तुपांत स्नान घालून जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हां करावे लागतात. तो नव्यानें जन्मतो. विद्यार्थिदशेंत हें प्रकरण वाचतांना आम्ही हंसलों होतों. आजोबांस तें कोणी सांगितलें होतें कीं नाहीं कोण जाणे. ते गांवीं गेले नाहींत. परजातींच्या माणसांस इस्पितळांत जेवूं घातलेल्या मुलास पंक्तीस घेतील कीं नाहीं, ही धास्ती असेल. वांटण्या झाल्या असतील, त्या पुन्हां कशाला मोडाव्या, असेंही वाटलें असेल. मोठ्या भावांच्या दारांत उभें राहून ‘मी मेलों नाहीं’ असें म्हणणें कठीणच.

एवढ्यावर थांबलों असतों तर बरें झालें असतें. परंतु उपाध्यायांनीं पान पुरें वाचलें. आजोबांच्या सहीच्या खालीं बोटभर अंतरावर शके १८४९ मधील नोंद आहे. तेच दोघे बंधु, मातोश्रींच्या श्राद्धासाठीं आलेले. त्यांनीं आपलीं व आपल्या मुलांचीं नांवें लिहून सह्या केल्या आहेत. धाकट्या भावाविषयीं एक अक्षर नाहीं. वरच्या चार ओळी त्यांनीं वाचल्या नाहींत, असें म्हणावयास मी तयार आहें. पण माझी जीभ अडखळते. त्यांची आई वारली, हें चिंचपोकळीस कळविलें गेलें नाहीं. आजोबांनीं आईस जीवंत समजून किती वर्षें तर्पणांतून वगळलें, याचा हिशोब करण्याचें मीं सोडून दिलें आहे.

त्या दोघांचे वंशज आज सुशील व सुविद्य आहेत. गेल्या वर्षीं दोघेजण आमच्याकडे भाऊबिजेनंतर येऊन गेले, सौ. च्या हातच्या खाणावळीच्या आमटीची त्यांनीं तारीफ केली. नातवानें सुचविलें कीं, छायाचित्रांतील खालची नोंद कापून वरच्याच चार ओळी संपादकांस पाठवितां येतील. प्रमाणास त्या पुरेशा आहेत. मीं रात्रभर विचार केला. शेवटीं पान आहे तसें पाठविलें, व त्याची एक प्रत त्या दोघांसही स्वतः पत्र लिहून धाडली. एकाचें उत्तर आलें. गांवच्या घरामागें चिंचेचें एक झाड आहे, तें आमच्या आजोबांनीं मुंजींत लावलें असें त्यांची आजी म्हणे, मात्र ‘आमच्या’ म्हणजे कोणाच्या, हें तिनें कधीं फोडून सांगितलें नाहीं, असें त्यांनीं लिहिलें आहे. दुसऱ्यांचें उत्तर नाहीं.

संपादकांनीं प्रमाण मान्य करून छापील तक्ता भरावयास पाठविला आहे. नांव, जन्म, विवाह, संतति हे रकाने भरून झाले. ‘व्यवसाय’ या रकान्यांत धाकट्या बंधूंच्या मतें ‘लष्करांत नोकरी’ एवढेंच लिहावें. तें खोटेंही नाहीं. मीं ‘आचारी, लष्करी इस्पितळ, बसरा, पुढें खाणावळ, चिंचपोकळी’ असें लिहिलें आहे. तक्त्यावर सर्व हयात नातवांच्या सह्या लागतात. माझी झाली आहे, दोघां चुलतभावांची झाली आहे. धाकट्या बंधूंकडे तक्ता पडून आज तीन आठवडे झाले; काल त्यांचा निरोप आला कीं, सर्वपित्रीस जेवावयास येतों, तेव्हां बोलूं, आणि उसळ थोडी अधिक करावयास सांगा.